म्हसरूळ ते द्वारका

माझा धाकटा भाऊ नाथा मॅरेथॉन पळायचा. बेचाळीस किलोमीटर. दळण घेऊन आलेल्या बायकांना हे सांगितलं की त्या विचारायच्या, "पण कशासाठी?" मी म्हणायचे, "तुमचे गहू जाडे दळू की बारीक, तेवढं सांगा." ज्याला कळत नाही त्याच्यापुढे डोकं फोडून घ्यायची मला सवय नाही. खरं सांगायचं तर मलाही फारसं कळायचं नाही. पण नाथा पळून आला की त्याच्या तोंडावर जे असायचं ते मला कळायचं, आणि माझं तेवढ्यावर भागायचं.

नाशकात द्वारका चौकाजवळच्या गल्लीत माझी पिठाची गिरणी आहे. आमचे मालक गेले शहात्तर साली, तेव्हापासून मीच चालवते. नाथा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. आई-बाप पाठोपाठ गेले आणि निफाडकडच्या गावाहून तो माझ्याकडे आला, तेव्हा नऊ वर्षांचा होता. मला मूल नाही. त्याला आक्का म्हणायला मीच शिकवलं, नाहीतर तो आईच म्हणायला लागला असता आणि मालकांना ते आवडलं नसतं. शाळेत पळायला लागला, कॉलेजात पळाला, आणि खेळाडूंच्या जागेवर मनमाडला रेल्वेत लागला. रविवार आला की घरी यायचा, पहाटे त्र्यंबक रोडला पळून यायचा आणि नऊ वाजता ताटात बारा भाकरी मोजून बसायचा. बारा म्हणजे मी थोडं वाढवून सांगते. आठ.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात चांदवडच्या घाटात पळताना रस्त्याकडेच्या खड्ड्यात त्याचा पाय गेला आणि घोट्याचं बाहेरचं हाड मोडलं. नाशिकला आणून ऑपरेशन केलं. हाडावर पोलादी पट्टी आणि तिला सहा स्क्रू. दवाखान्याच्या बाकावर बसून मी सप्तशृंगीला नवस बोलले. माझा भाऊ पुन्हा पळायला लागू दे, गडावरून गल्लीत येणारी तुझी ज्योत त्याच्या हातानं आणीन. पळणाऱ्या माणसाचा नवस पळण्याचाच असावा, असं मला वाटलं. तेव्हा मी स्वतःवर फार खूश होते.

ज्योतीची पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घटस्थापनेच्या आदल्या रात्री गल्लीतली पोरं टेम्पोनं गडावर जातात. देवीसमोर मशाल पेटवतात आणि वणी, दिंडोरी, म्हसरूळ करत आळीपाळीनं पळत ती नाशकात आणतात. अनवाणी. साठ-पासष्ट किलोमीटर. एकानं दमावं, दुसऱ्यानं टेम्पोतून उतरून हातात घ्यावी. ज्योत खाली ठेवायची नाही आणि विझू द्यायची नाही. गल्लीत आली की बायका आणणाऱ्याचे पाय धुतात, ओवाळतात, आणि त्या ज्योतीनं घटाचा दिवा लागतो.

प्लास्टर निघालं, नाथा चालायला लागला, पळायलाही लागला. पण दहा-बारा किलोमीटर झाले की पट्टीच्या जागी दुखायला लागायचं. मोज्याची कड स्क्रूंच्या डोक्यांवर घासायची. थंडीत तर घोटा आतून गार पडायचा, असं तो सांगायचा. मोडण्याआधी दोन तास एकतीस मिनिटांत मॅरेथॉन पळणारा माणूस, आता त्याला ती पुरी होईना. दोन शर्यती त्यानं अर्ध्यात सोडल्या. दुसरीनंतर घरी आला आणि ताटावरून उठून गेला. तेव्हा मात्र मी घाबरले.

समोरच्या कुसाबाई म्हणाल्या, "मालन, नवस फेडला नाहीस. आई आठवण देतीये पायात." कुसाबाईंचं मी एरवी काही मनावर घेत नाही. त्यांना मांजर आडवं गेलं तरी त्यात आईची आठवण दिसते. पण हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते उठेना.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "चालायला-फिरायला पट्टीची काही अडचण नाही. जन्मभर राहिली तरी चालेल. लोकांच्या राहतात. पळायचंच असेल, तर काढू." नाथानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "काढा," म्हणाला. त्याला एकोणतीस पुरी झाली होती. फेब्रुवारीत रेल्वेच्या संघाची निवड होती. त्यात आला नाही, तर खेळाडूंच्या यादीतून नाव जाणार, सरावाची सवलत बंद, आणि मग इतरांसारखी ड्यूटी. नोकरी जाणार नव्हती. पळणं जाणार होतं. "आक्का, एकदा पट्टीशिवाय पळून बघायचंय," एवढंच तो म्हणत होता. "मग नाय जमलं तर नाय."

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पट्टी काढली. डॉक्टरांनी ती इंजेक्शनच्या रिकाम्या खोक्यात घालून आमच्या हातात दिली. मी घरी आणून छोट्या तराजूत टाकली. दुसऱ्या पारड्यात पन्नास ग्रॅमचं वजन होतं, ते खालीच राहिलं. एवढ्याशा लोखंडानं माझ्या भावाची दोन वर्षं खाल्ली, म्हणून मी त्या खोक्यालाच शिव्या घातल्या. नाथा हसत होता.

घरी सोडताना डॉक्टरांनी काय सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. मी नव्हते, मला माहीत नव्हतं, असं म्हणायची मला सोय नाही. ते म्हणाले, "स्क्रू होते तिथं हाडात सहा भोकं आहेत. ती भरायला तीन महिने लागतात. तोवर हाड कच्चं. पंधरा दिवस कुबड्या, मग चाला, सायकल चालवा. पळायचं नाही, उडी मारायची नाही. डिसेंबरात हाडाचा फोटो काढू, मग हळूहळू सुरू करा." मी मान हलवली. नाथानंही हलवली.

पण हाडातली भोकं दिसत नाहीत. पहिल्या वेळी पांढरं प्लास्टर होतं, तेव्हा अख्खी गल्ली त्याला जपायची. रस्त्यात कुणी सायकल आडवी लावली तरी पोरं ओरडायची. या खेपेला नुसते टाके, तेही बाराव्या दिवशी निघाले. राहिली एक लाल रेघ. महिन्याभरात तो लंगडेनासाही झाला. येणारा जाणारा म्हणायचा, "काय नाथा, झालास ना मोकळा?" मीही त्याच डोळ्यांनी बघत होते.

तो मात्र नेमानं वागला. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण मागाहून लोक म्हणाले की त्यालाच घाई होती. रजेवर होता, सकाळ-संध्याकाळ गिरणीत बसून पायाचे व्यायाम करायचा. जमिनीवर गोणपाट टाकायचा आणि पायाच्या बोटांनी ते जवळ ओढायचा. गव्हाच्या अर्ध्या भरलेल्या पोत्यावर एका पायावर उभा राहून शंभर मोजायचा. बायका हसायच्या, हा शंभरापर्यंत हलायचा नाही. पहाटे चालायला जायचा तेव्हा घड्याळ घरी ठेवून जायचा. मी विचारलं तर म्हणाला, "घड्याळ हातावर असलं की पाय ऐकत नाय, आक्का."

पट्टी काढल्याला पाच आठवडे झाले आणि घटस्थापना चार दिवसांवर आली. त्र्याऐंशीला पाय प्लास्टरात होता. चौऱ्याऐंशीला तो शर्यतीसाठी बाहेरगावी होता. हे तिसरं वर्ष. मंडळाचा यादव गिरणीत आला आणि म्हणाला, "मालनमावशी, नाथाभाऊंना गडावर नेऊ का? पळायला नाय, टेम्पोत बसून पोरांचे टाइम घेतील. शेवटी द्वारकेपासून गल्लीपर्यंत ज्योत त्यांच्या हातात देऊ. नवसही फिटंल."

नाथा म्हणाला, "डॉक्टरांनी तीन महिने सांगितलेत."

इथं मी गप्प बसले असते तर झालं होतं. मी म्हणाले, "अरे, द्वारकेपासून गल्ली म्हणजे दोनशे पावलं. चालत आण. आईला चालत आणलेलीही पोचते. दोन वर्षं माझ्या जिवाला घोर लागलाय, नाथा. एकदा फेडून टाक."

त्यानं गोणपाट गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. मग म्हणाला, "बरं." माझ्या शब्दाला त्यानं नऊ वर्षांचा असल्यापासून कधी नाही म्हटलेलं नाही, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

घटस्थापनेच्या दिवशी सकाळी गल्ली झाडून, सडा-रांगोळी करून आम्ही बायका उभ्या होतो. मुहूर्त दहाचा. पोरं साडेनऊला यायची होती. माझ्या हातात तांब्या होता, कुसाबाईंकडे आरतीचं ताट. नऊ वाजून गेले असतील नसतील, तोच रिक्षावाले थांबून मागं वळून बघायला लागले. द्वारकेकडून मशाल येताना दिसली. पुढं-मागं टेम्पो नाही, घोषणा नाहीत, बँड नाही. एकटाच माणूस पळत येत होता.

दोनशे पावलांवरूनही मी त्याला ओळखलं. नाथा पळताना डोकं हलवायचा नाही. खांदे खाली, हात छातीशी, आणि नजर समोर कुठंतरी लांब. एका हातात मशाल होती तरी चाल तीच होती. दोन वर्षांत मी ती चाल बघितली नव्हती.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पहिल्यांदा आनंदच झाला. डॉक्टर आठवले नाहीत, भोकं आठवली नाहीत. माझा भाऊ पळतोय आणि सगळी गल्ली बघतेय, एवढंच मला दिसत होतं. मी शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाले, "बघ, बघ." जवळ येता येता शेवटच्या वीस-पंचवीस पावलांत तो एका बाजूला कलला. मला वाटलं, दमला.

तो पाटावर उभा राहिला. मशाल यादवच्या वडिलांनी घेतली. मी खाली बसून त्याच्या पायांवर पाणी घातलं. उजवा पाय धुतला, डावा हातात घेतला आणि माझे हात थांबले. घोटा कढत लागत होता. लाल रेघेच्या भोवती सूज चढत होती आणि माझ्या अंगठ्याखाली आत काहीतरी सरकलं. पिठाच्या हातांना बारीकसारीक कळतं. वर बघितलं तर त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि तो हसत होता.

"धू आक्का," तो हळूच म्हणाला. "लोक बघतायत. पुरं कर."

आणि मी पुरं केलं. डावा पायही धुतला, कुंकू लावलं, ओवाळलं. मग तो माझ्या खांद्यावर हात टाकून घरात आला आणि उंबऱ्याच्या आत बसला तो उठला नाही.

काय झालं ते दहा मिनिटांनी सायकल हाणत आलेल्या यादवनं सांगितलं. म्हसरूळच्या अलीकडे टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, गाडी जागीच बसली. रात्रभर पळून पोरांच्या पायांना फोड आले होते. सहादू नावाचा पोरगा ज्योत घेऊन टेम्पोपाशी आला तो तिथंच वाकून ओकायला लागला. पुढं कोण, म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. नाथा टेम्पोतून उतरला, बूट काढून फळीवर ठेवले आणि म्हणाला, "आण इकडं. चालत नेतो." टेम्पोतली सायकल काढून, तेलाचा डबा घेऊन यादव त्याच्या बरोबर निघाला. पाव मैल नाथा खरोखर चालला. "मग," यादव रडत म्हणाला, "मावशी, ते पळायलाच लागले. मी हाका मारल्या. एका हातात डबा, मला सायकलवर गाठता येईनात."

म्हसरूळ ते द्वारका पाच मैल.

दवाखान्यात फोटो काढला. हाड स्क्रूंच्या भोकांतून तडकलं होतं. वरच्या दोन भोकांच्या मधून आरपार. डॉक्टरांनी फोटो खिडकीकडे धरून दाखवला आणि परत पाकिटात घातला. त्यांनी ओरडावं अशी माझी फार इच्छा होती. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं.

रात्री मी कॉटशेजारी जमिनीवर बसले होते. म्हणाले, "नाथा, मला शिव्या घाल. माझ्या नवसानं केलं हे."

"तू दोनशे पावलं सांगितली होती."

"मी सांगायलाच नको होतं."

तो मग म्हणाला, "खरं सांगू? चालत आणता आली असती. मुहूर्ताला येळ होता. पण पाव मैल चाललो आणि ध्यानात आलं की पाय दुखत नाय. दोन वर्षांत पहिल्यांदा कायच टोचत नव्हतं, कायच गार नव्हतं. म्हटलं, चार पावलं टाकून बघू. मग थांबताच आलं नाय. दिंडोरी रोडला सकाळचा वारा होता. लय भारी पळालो, आक्का. एवढं चांगलं मी मोडायच्या आधीसुदिक पळालो नसंल. गोदेच्या पुलावर आलो तवा कळ आली. तवा थांबलो असतो तरी चाललं असतं. पण ज्योत ठेवायची कुठं?"

मी तोंडात पदर कोंबून रडले, कारण शेजारी दुसरे पेशंट झोपले होते. आईवर मी रागावले नाही. तिनं काही मागितलं नव्हतं. बोलले मी, आणि फेडायला लावलं तेही मीच, दुसऱ्याच्या पायानं. पुढं कुसाबाई म्हणाल्या, "काही का असेना, नवस फिटला." त्या दिवसापासून त्यांचं दळण मी गुपचूप दळून देते, पण त्यांच्याशी बोलत नाही. चार वर्षं झाली.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. पायाखालची उशी नीट केली आणि म्हणाले, "या वेळची पट्टी जरा मोठी आहे. आठ स्क्रू. दीड वर्षानं हाड चांगलं भरलं की ती काढू. त्यानंतर सहा महिने मात्र पूर्ण विश्रांती. मग पुन्हा बघू पळायचं."

नाथा म्हणाला, "काढायची नाय, डॉक्टर."

डॉक्टरांना वाटलं, तो ऑपरेशनला भ्याला. म्हणाले, "अहो, तुम्ही एकदा अनुभवलंय. त्यात काही विशेष नाही."

"चालायला अडचण नाय ना हिची?"

"चालायला नाही."

"मग राहू द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या कॉटकडे गेले. मी नाथाला म्हणाले, "अरे, असं नको करू. एकतीस-बत्तीस म्हणजे काय वय झालं? मी सांभाळते ना तुला. या वेळी दाराला कुलूप घालीन. कुणाचं ऐकणार नाही, देवाचंसुद्धा नाही."

"एकदा पट्टीशिवाय पळून बघायचं होतं, ते बघितलं, आक्का," तो म्हणाला. "कागद हे का? रेल्वेला पत्र लिहायचंय. मला उठून बसता येत नाय आणि तुझं अक्षर चांगलं हे. लिही, खेळाडूंच्या यादीतून माझं नाव कमी करावं आणि मला साधी ड्यूटी द्यावी."

मी सातवी शिकलेली. गिरणीच्या पाट्या मीच लिहिते. नर्सकडून कागद मागून आणला, त्याच्या कॉटच्या लोखंडी पट्टीवर ठेवला आणि तो सांगेल तसं लिहीत गेले. त्याचं पूर्ण नाव लिहिलं, आमच्या वडिलांचं नाव लिहिलं. महोदय लिहिलं. यादीतून नाव कमी करावे ही विनंती, इथपर्यंत आले तेव्हा दोनदा पेन थांबलं. नाव कमी करण्याचं कारण काय द्यायचं हे त्यानं सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नाही.

लिहून झाल्यावर मी पुठ्ठ्यावर कागद ठेवून त्याच्यापुढे धरला. त्यानं सगळं वाचलं. मग कारणाच्या ओळीवर परत आला. मी लिहिलं होतं, सरावात पायाला झालेल्या दुखापतीमुळे. नवसाचं काही लिहिलं नव्हतं.

"बरोबर हे," तो म्हणाला, आणि पडल्या पडल्या त्यानं सही केली.